ठसा, शाई आणि पांढरी माती

शाळेच्या कार्यालयातली एक वस्तू रोज हाताळली जाते, पण तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. ती म्हणजे शिक्क्याची गादी, अर्थात स्टँपपॅड. पत्र्याची चपटी डबी आणि आत जांभळ्या शाईत भिजलेले कापड. दिवाळीच्या सुटीनंतर डबी उघडली तरी कापड ओलेच असते. दौतीचे झाकण उघडे राहिले तर शाई आटून जाते, मग ही शाई का आटत नाही? आणि जी शाई डबीत महिनोन्महिने वाळत नाही, ती कागदावर उमटली की दोन क्षणांत कशी काय वाळते?

उत्तर थोडे चमत्कारिक आहे. ती कागदावरही वाळत नाही. ती कागदात शिरते. आपण बोट फिरवतो तेव्हा बोटाला लागण्यासारखे वर काही उरलेले नसते, म्हणून आपण 'वाळली' असे म्हणतो.

हे एकदा ध्यानात आले की दुसरे एक कोडे सुटते. मुलांना दिवाळीची शुभेच्छापत्रे करायला सांगितली, तर हौशी पालक लग्नपत्रिकेला वापरतात तसा गुळगुळीत, पांढराशुभ्र, चकचकीत पुठ्ठा आणून देतात. त्यावर रबरी शिक्क्याने पणती किंवा मोर उमटवला तर आकृती इतकी रेखीव उठते की मूल खूश होते. पाच मिनिटांनी पणतीची ज्योत पालकांच्या शर्टावर असते. साध्या चित्रकलेच्या कागदावर असे घडत नाही. दोष मुलाचा नाही, शिक्क्याचा नाही आणि शाईचाही नाही. त्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या मातीचा एक थर आहे आणि हा सगळा खेळ तो थर करतो.

ठशांचा इतिहास सांगताना आपण सहसा राजे आणि त्यांच्या राजमुद्रा सांगतो. म्हणजे ठसा उठवणाऱ्याचा इतिहास सांगतो, ठसा झेलणाऱ्याचा सांगत नाही. या लेखात आम्ही झेलणाऱ्या बाजूने पाहणार आहोत. ही गोष्ट सांगायला फार लांब जावे लागत नाही. सोलापूर आणि भोवतालचा मुलूख तिच्यातल्या बऱ्याच भागाला पुरतो.

बार्शीच्या पलीकडे, आजच्या धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे मोठे शहर असल्याचा उल्लेख येतो. तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेत असत. हे तगर म्हणजेच तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडले आणि ते आता सर्वमान्य आहे. गावातल्या पांढरीच्या टेकाडांत (इथे पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची जागा, आपल्या लेखातली माती नव्हे) सातवाहन काळातल्या पुष्कळ वस्तू सापडल्या. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या पाहायला मिळतात. त्यांतल्या लहान लहान मृण्मूर्ती मुद्दाम बघण्याजोग्या आहेत. त्यांतल्या कित्येक मूर्ती केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या असल्याची नोंद पुरातत्त्वाच्या लिखाणात केली जाते. त्या हाताने घडवलेल्या नाहीत. पुढचा आणि मागचा असे दोन साचे करायचे, त्यांत माती दाबायची आणि दोन्ही अर्धे जोडायचे, अशी ती रीत. दागिन्यांचे मणी आणि केसांची ठेवण इतकी बारीक उठली आहे की आजचा कारागीरही मान डोलावील.

इथे ठसा म्हणजे शाई नव्हे, मातीनेच घेतलेला आकार. साचा कडक, झेलणारी माती मऊ. एवढा बारीक आकार माती घेऊ शकते याचे कारण तिच्या कणांत आहे. केओलिनचा कण वाळूसारखा गोलसर नसतो. तो पापुद्र्यासारखा चपटा आणि बऱ्याचदा षट्कोनी असतो. अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे थर एकावर एक रचून तो बनतो. बहुतेक कणांची रुंदी दोन मायक्रॉनपेक्षाही कमी, म्हणजे एका मिलिमीटरवर असे पाचशेहून अधिक कण ओळीने बसतील. थोड्या पाण्याने हे पापुद्रे एकमेकांवरून पत्त्यांसारखे घसरतात आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात जाऊन बसतात. पाणी गेले की जागच्या जागी थांबतात. चपटेपणा, बारीकपणा आणि पांढरेपणा, हे तीन गुण वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढे कापडात आणि कागदातही हेच तिन्ही गुण उपयोगी पडले.

कागद आपल्याकडे आला तेव्हा त्यावर मातीचा थर नव्हता, पण तो आजच्या कोऱ्या कागदासारखाही नव्हता. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी शेकडो वर्षे प्रसिद्ध होते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली, तेव्हापासूनचा हा धंदा असल्याचे परंपरा सांगते. जुन्नरचा कागदही नावाजलेला होता. जुने दोरखंड आणि चिंध्या कुजवून, कुटून लगदा करायचा, त्याचे ताव उचलायचे, आणि मग खरे काम सुरू व्हायचे. तावाला खळ लावायची, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने तो घोटायचा. घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नाही आणि शाई फुटत नाही.

शाई काजळाची आणि डिंकाची. काजळ म्हणजे कार्बन, तो पाण्यात विरघळत नाही. डिंक त्याला कागदाशी चिकटवून ठेवतो. घोटलेल्या, खळ लावलेल्या कागदात ही शाई खोल शिरत नाही, वरच बसते. म्हणून पत्र लिहून झाले की त्यावर बारीक वाळू भुरभुरवीत आणि जादा ओल टिपून घेत. मराठेशाहीच्या पत्रांवर वरच्या बाजूला शिक्का आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब असे दोन वेगळे ठसे असत. मोर्तबामुळे खाली कोणी चार ओळी घुसडण्याची सोय राहत नसे. आज आपण 'शिक्कामोर्तब झाले' म्हणतो तेव्हा ते दोन ठसे एका शब्दात जोडून टाकतो.

पुण्याच्या पुराभिलेखागारातली, म्हणजे पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक असेल की दोन-अडीचशे वर्षांनंतरही अक्षर काळेभोर आहे. कार्बनला उजेड काही करू शकत नाही. पण त्याच कागदावर पाणी पडले तर? डिंक सुटतो आणि अक्षर पुसले जाते. चुकलेला शब्द ओल्या बोटाने पुसून पुन्हा लिहिणे लेखनिकाला शक्य होते आणि लबाडी करणाऱ्यालाही. या शाईला प्रकाशाचे भय नव्हते, पाण्याचे होते. तिची ही जमा-खर्चाची वही मनात ठेवा, कारण पुढच्या शतकात हिशेब नेमका उलटा होतो.

धातूच्या मुद्रेची एक अडचण असते. मुद्रा कडक, खालचा पाटही कडक, मध्ये पातळ कागद. कागदाची पातळी केसभर जरी कमी-जास्त असली तरी ठसा अर्धवट उठतो. म्हणून खाली मऊ गादी घ्यावी लागते किंवा शाई दाट ठेवावी लागते. रबराने हा प्रश्न उलटा सोडवला. आता ठसाच मऊ झाला.

रबर युरोपात पोचले १७३६ साली, ला काँदामीन याने दक्षिण अमेरिकेतून पॅरिसला नमुने पाठवले तेव्हा. त्याने पेन्सिलीचे लिखाण पुसता येते हे १७७० साली नोंदवणारा जोसेफ प्रीस्टली आपल्याला ऑक्सिजनमुळे माहीत आहे. पण कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधकाबरोबर तापवून ते आटोक्यात आणले. १८४४ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉकने त्याआधी काही महिने आपला अर्ज केला होता, आणि त्यावरून झालेली भांडणे हा वेगळाच विषय आहे. गंधकाचे अणू रबराच्या लांब साखळ्यांना मधूनमधून टाचून ठेवतात. त्यामुळे दाबले तर दबते आणि सोडले की पूर्ववत होते.

शिक्क्याच्या कामी रबर आले १८६० च्या दशकात, अमेरिकेत, आणि तेही दंतवैद्यांच्या मार्फत. कवळ्या तेव्हा रबराच्या बनत. त्यासाठी दंतवैद्याकडे साचा तापवण्याचे छोटे भांडे असे. खिळे जुळवून त्यांचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यात रबर दाबायचे आणि त्या भांड्यात शिजवायचे, हे कोणाच्या तरी डोक्यात आले. तो पहिला कोण यावर एकमत नाही. पद्धत मात्र शंभर वर्षे टिकली. आपल्याकडच्या बाजारपेठांतले शिक्केवालेही अगदी अलीकडेपर्यंत खिळे, प्लास्टर आणि दाबयंत्र याच क्रमाने शिक्के करीत.

रबरी शिक्क्याला काजळाची शाई फारशी सोयीची नव्हती. डिंक पॅडवर वाळून बसतो. पण नेमक्या त्याच सुमारास रसायनशास्त्राने दोन नव्या गोष्टी पुढे केल्या. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने १८५६ साली क्विनाइन करू पाहताना जांभळा रंग मिळवला. शार्ल लोत या फ्रेंच रसायनज्ञाने १८६१ साली मिथिल व्हायोलेट तयार केले. हा रंग इतका तीव्र की चिमूटभरात घागर रंगते. त्वचेच्या दुखण्यावर लावायचे जेन्शन व्हायोलेट आणि जीवाणू रंगवण्यासाठी हान्स ग्रामने १८८४ साली वापरलेला रंग ही याच कुळातली भावंडे. स्टँपपॅडचा पारंपरिक जांभळा रंग याच घराण्यातला. सरकारी ठसा जांभळाच का, याचे उत्तर राजेशाहीत नाही. स्वस्त आणि गडद रंग त्या वेळी हाच मिळाला, एवढेच.

दुसरी गोष्ट ग्लिसरीन. साबण आणि मेणबत्त्यांच्या कारखान्यांतून ते सुटे होऊन मिळे. त्याचा उत्कलनबिंदू २९० अंश सेल्सिअस, म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यातही ते उडून जायचे नाव घेत नाही. उलट हवेतले बाष्प ते स्वतःकडे ओढते. रंग, पाणी आणि ग्लिसरीन एकत्र केले की न वाळणारी शाई तयार. पॅड ओले राहण्याचे रहस्य ते हेच. हा गुण आहे, पण त्याला एक अट आहे. खालचा पृष्ठभाग शोषणारा हवा.

आणि इथे पांढरी माती पुन्हा आपल्या गोष्टीत येते. या वेळी तिची वाट कापडातून आहे.

मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७७ साली सुरू झाली. सोलापूरकर तिला 'जुनी गिरणी' म्हणत. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू आणि लक्ष्मी या गिरण्या आल्या. जुन्या गिरणीचे भोंगे केव्हाच थांबले आहेत, पण विणकर घरांतून 'खळ' हा शब्द आजही ऐकू येतो. ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ लावावी लागते. यात गैर काही नाही. गैर सुरू झाले लँकेशायरमध्ये. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापूस महागला, तेव्हा तिथल्या गिरणीवाल्यांनी खळीत चिनी माती घालण्याचे प्रमाण वाढवत नेले. माती कापसापेक्षा कितीतरी स्वस्त. बारीक पापुद्रे धाग्यांच्या मधल्या फटी बुजवतात, कापड घट्ट, जड आणि पांढरे दिसते. काही मालात ताण्याच्या सुताच्या वजनाइतकी किंवा त्याहूनही अधिक खळ असे. माती झडून पडू नये म्हणून तीत ओल धरून ठेवणारे क्षार मिसळत. ग्लिसरीन करते तेच काम. मग जहाजाच्या पोटात त्या ओलीवर बुरशी चढे आणि हिंदुस्थानात गठ्ठे उघडले की डागाळलेले धोतर निघे. टॉडमॉर्डन गावात या खळीच्या धुळीने कामगारांना होणाऱ्या त्रासाची चौकशी १८७२ साली डॉ. जॉर्ज बुकानन यांनी केली. पहिल्या धुण्यात वजन हरवणाऱ्या या कापडाचा मुख्य गिऱ्हाईक आपला देश होता, हे त्या कथेतले सर्वांत बोचरे वाक्य. आपल्याकडच्या गिरण्याही पुढे खळीत चिनी माती वापरू लागल्या.

याच कापडावर ठसाही बसे. १८८९ च्या हिंदी मर्चंडाइज मार्क्स कायद्याने गिरण्यांना बंधन घातले की विक्रीला बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ताग्यावर त्याची लांबी वारांत, इंग्रजी आकड्यांत, ठळक उमटवलेली असली पाहिजे. १९५८ साली नवा कायदा येईपर्यंत हा कायदा होता. म्हणजे सुमारे सत्तर वर्षे गिरण्यांतून ताग्यामागून तागा ठसा घेऊन बाहेर पडत होता. आता विचार करा. कापड धाग्याचे, त्यावर मातीमिश्रित खळ, आणि त्या खळीवर ठसा. धाग्यांच्या फटी बुजलेल्या असल्यामुळे आकडा स्वच्छ उठणार. पण शाई जर खळीवरच बसली असेल, तर खळ जाताना तीही जाणार. दुकानात लांबी वाचता आली की कायद्याचे काम झाले, त्यामुळे कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते. मातीच्या थरावर ठसा देखणा उठतो आणि पाया कच्चा राहतो, हे इथेच दिसते.

कागदाला मातीचा लेप देण्याची गरज निर्माण झाली ती छायाचित्रांमुळे. १८८० च्या दशकात छायाचित्र बारीक ठिपक्यांत फोडून छापण्याची हाफटोन पद्धत आली. साध्या कागदाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकातून पाहिला तर वैरणीच्या गंजीसारखा दिसतो. लाकडाच्या लगद्याचा एक तंतू वीस ते चाळीस मायक्रॉन रुंद. त्यावर तेवढेच बारीक ठिपके छापायचे म्हणजे नांगरटीत रांगोळी काढण्यासारखे. तेव्हा केओलिन दुधातल्या केसीनमध्ये किंवा तत्सम चिकट द्रावणात कालवून कागदावर लेप देऊ लागले आणि रुळांतून दाबून तो चकचकीत करू लागले. मराठीत १८९५ साली निघालेल्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासूनच्या जुन्या दिवाळी अंकांत चित्रांची पाने बाकीच्या अंकाहून वेगळ्या, गुळगुळीत आणि जड कागदावर का असत, ते आता कळेल. 'आर्ट पेपर' म्हणतात तो हाच. त्याचा जाड आणि स्वस्त भाऊ म्हणजे डुप्लेक्स बोर्ड. एका बाजूला करडा रद्दीचा लगदा, दुसऱ्या बाजूला पांढरा मातीचा लेप. साबणाचे, औषधाचे, आगपेटीचे खोके याचेच. अलीकडे लेपात केओलिनबरोबर कॅल्शियम कार्बोनेटही पुष्कळ असते आणि केसीनची जागा कृत्रिम चिकद्रव्यांनी घेतली आहे. तत्त्व तेच आहे.

छापखान्याला या लेपाचा त्रास होत नाही, कारण त्याची शाई तेलाची. जवसाच्या तेलासारखी काही तेले हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट पापुद्रा बनतात. सोलापूरकरांना याचा घरगुती पुरावा देता येईल. करडईच्या तेलाच्या बरणीच्या तोंडाशी ओघळ साठून जो चिवट थर बसतो तो हाच प्रकार. अशा शाईला शोषून घेणारा कागद लागतच नाही. ती उघड्यावर, स्वतःच घट्ट होते.

स्टँपपॅडच्या शाईला मात्र आत शिरण्यावाचून गत्यंतर नाही. ती किती वेगाने शिरेल याचे गणित लुकासने १९१८ साली आणि वॉशबर्नने १९२१ साली मांडले. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ते सहज समजेल. बारीक नळीत केशाकर्षणाचा जोर जास्त असतो, हे आपण शिकवतो. म्हणून बारीक छिद्रांचा लेप जास्त वेगाने शोषील असे वाटते. पण नळी बारीक झाली की द्रवाला होणारा घर्षणाचा विरोध त्याहूनही जास्त वाढतो. हिशेब केला तर असे निघते की ठरावीक खोली गाठायला लागणारा वेळ छिद्राच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात आणि द्रवाच्या चिकटपणाच्या सम प्रमाणात असतो. तंतूंमधल्या फटी काही मायक्रॉनच्या, लेपातल्या फटी मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या किंवा त्याहून लहान. फरक पन्नासपट धरला तर साध्या कागदात दोन सेकंदांत होणारे काम लेपात शंभर सेकंद घेईल. त्यात शाईतले पाणी आधी निघून जाते आणि मागे ग्लिसरीन दाट होत राहते. शुद्ध ग्लिसरीन पाण्याच्या हजारपटीहून अधिक चिकट आहे. शिवाय लेप जेमतेम दहा-वीस मायक्रॉन जाडीचा, त्यातल्या फटी लवकर भरतात. उरलेली शाई वरच थांबते, हवेतले बाष्प पीत, कोणाच्या तरी बोटाची वाट पाहत.

ठसा तिथे इतका रेखीव दिसतो तोही याच कारणाने. शाई तंतूंच्या वाटेने आडवी पसरत नाही आणि खोलही जात नाही. रंग पांढऱ्या पार्श्वभूमीच्या अगदी वर राहतो. रेखीवपणा आणि कच्चेपणा ही एकाच कारणाची दोन फळे आहेत, एक घेऊन दुसरे टाळता येत नाही.

जुळे सोलापुरातल्या एका शाळेत, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, काही शिक्षकांच्या मदतीने आम्ही हे मुलांकडून करवून पाहिले. विजापूर रस्त्याकडच्या या नव्या वस्तीतल्या मुलांच्या घरी माग नाहीत, पण आजी-आजोबांच्या घरी होते असे सांगणारी बरीच निघाली. साहित्य साधे ठेवले होते. चित्रकलेच्या वहीचा कागद, हातकागद, आणि पत्रिका छापणाऱ्याकडून आणलेल्या कोऱ्या डुप्लेक्स बोर्डाच्या कापट्या. बोर्डाचे दोन्ही चेहरे वापरायचे असल्यामुळे एकाच वस्तूवर तुलना करता आली. एक रबरी शिक्का, एक पॅड, आणि ठसा मारल्यापासून किती वेळाने अंगठा फिरवला तर डाग पडत नाही त्याची नोंद. वहीचा कागद आणि बोर्डाची करडी बाजू काही सेकंदांत मोकळी झाली, करड्या बाजूवर ठसा मात्र मरगळलेला दिसला. हातकागदावर कडा किंचित फुटल्या. चकचकीत बाजूवरचा ठसा सर्वांत सुंदर होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही अंगठ्याला रंग लागत होता.

पुढचा प्रश्न मुलांनीच विचारला, मग यावर काय करायचे? एका मुलीने घरून चेहऱ्याची पावडर आणली. ठशावर भुरभुरवून फुंकर मारली तर जादा शाई टिपली गेली, पण ठशाचा तजेला गेला. पेशव्यांचा कारकून वाळूने करायचा तेच हे. दुसऱ्या गटाने छापखान्यातली ऑफसेटची शाई काचेवर रुळाने पातळ पसरून शिक्क्याला लावली. ते कार्ड दोरीवर दोन दिवस टांगले. ठसा पक्का बसला, पाण्याने पुसूनही गेला नाही. हा उपाय करणाऱ्यांसाठी एक सूचना. शिक्का लगेच, केरोसीनचा किंचित हात लावलेल्या फडक्याने पुसून घ्यावा, हे काम मोठ्यांनी करावे आणि शिक्का केरोसीनमध्ये बुडवून ठेवू नये. गंधकाने टाचलेल्या रबराच्या साखळ्याही तेलात फुगतात आणि अक्षरे सुजल्यासारखी होतात. छोट्या वर्गांनी या भानगडीत न पडता बटाट्याचे आणि भेंडीचे ठसे जलरंगाने साध्या कागदावर उमटवावेत, ते कार्ड म्हणून चिकटवावे, हे आम्हाला जास्त पसंत आहे. चकचकीत म्हणजे चांगले, हा समज पत्रिकांच्या बाजाराने दिला आहे.

दुकानातला पुठ्ठा मातीच्या लेपाचा आहे की नाही हे ओळखायची एक जुनी युक्ती आहे. चांदीची अंगठी त्यावर घासावी. लेपाचे खनिज कण चांदी किंचित खरवडतात आणि करडी रेघ उमटते. साध्या कागदावर ती उमटत नाही.

शुभेच्छापत्राचा डाग शर्टावर गेला तर हसून सोडता येते. शाळेच्या कपाटातून बाहेर जाणाऱ्या दुसऱ्या एका कागदाबाबत तसे करता येत नाही. गुणवत्तेची प्रमाणपत्रे, स्पर्धांची प्रशस्तिपत्रे आणि काही ठिकाणी शाळा सोडल्याचे दाखलेसुद्धा आता जाड, चकचकीत कार्डावर छापून घेण्याची हौस आहे. त्यावर आपण तोच जांभळा शिक्का मारतो, लगेच एकावर एक गठ्ठा रचतो, आणि वरच्या दाखल्याच्या पाठीवर खालच्याचा शिक्का उलटा उमटतो. खालच्यावर उरतो तो निम्मा. जन्मतारखेशेजारचा शिक्का अर्धवट दिसला म्हणून तीस-चाळीस वर्षांनी एखाद्याला पेन्शनच्या खिडकीवर खेटे घालावे लागले, तर त्याला लुकास-वॉशबर्न यांचे समीकरण सांगून उपयोग नाही.

शिवाय हिशेबाची ती उलटलेली बाजू आहेच. काजळाच्या शाईला पाण्याचे भय होते आणि उजेडाचे नव्हते. मिथिल व्हायोलेटच्या कुळातले रंग साध्या कागदाच्या तंतूंत खोल शिरून बसतात, पण प्रकाशात त्यांचे रेणू मोडतात आणि रंग उडतो. हे वर्गात दाखवणे सोपे आहे. एका पट्टीवर शिक्के मारावेत, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकून खिडकीच्या काचेला आतून चिकटवावी आणि उन्हाळाभर तशीच ठेवावी. सोलापूरच्या उन्हात फार वाट पाहावी लागत नाही. शेजारी काजळी आणि डिंकाच्या शाईचा एक ठसा ठेवला तर तुलना आपोआप होते. भिंतीवर चौकटीत लावलेल्या प्रमाणपत्रांवरचे शिक्के फिकट झालेले दिसतात आणि कपाटातल्या जनरल रजिस्टरातले ठळक राहतात, त्यामागे एवढेच कारण आहे. रजिस्टर मिटलेले असते आणि त्याचा कागद बिनलेपाचा असतो.

शिक्क्यांची दुकाने आता बदलली आहेत. खिळे आणि प्लास्टर गेले, लेझरने रबर कोरतात किंवा पॉलिमरचा शिक्का करतात. ज्यांना पॅडच लागत नाही असे, पोटात शाई भरलेले शिक्केही मिळतात. त्यांची शाई वर्षानुवर्षे आत ओली राहावी अशीच बनवलेली असते, त्यामुळे मातीच्या लेपावर ती पॅडच्या शाईपेक्षाही जास्त वेळ रेंगाळते. काजळासारखे न विरघळणारे रंगकण असलेली, उजेडाला टिकणारी शाईही मागितली तर मिळते. तेव्हा दाखल्यांची पुढची छपाई ठरवताना छापखान्यातून फक्त छापलेला नमुना पाहून होकार देऊ नये. त्याच कागदाचा एक कोरा तुकडा मागून घ्यावा, त्यावर आपल्या शाळेचा शिक्का आपल्याच पॅडने मारावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरून अंगठा फिरवून पाहावा.